आत्मकथन की मार्गदर्शक? आणि ८५ हजार भरावेत का?

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला. सांगली जिल्ह्यात तुम्ही बरीच वर्षं कांदा-लसूण मसाला, पापड आणि उन्हाळी वाळवणांचा गृहउद्योग चालवला आहे. बचतगटांतल्या बायकांना प्रशिक्षणही देता. त्या अनुभवावर टाइप केलेली ३०० पानं तयार आहेत. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या ‘उपयुक्त आणि प्रेरक’ पुस्तकांच्या इम्प्रिंटने ती परत पाठवताना एवढंच कळवलं, की अनुभव प्रेरक आहेत, पण पुस्तक नेमकं कोणासाठी आहे ते स्पष्ट होत नाही. दुसरी एक संस्था ८५ हजार रुपयांत ५०० प्रती, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) आणि प्रकाशन समारंभ असं सगळं करून द्यायला तयार आहे. पैसे भरावेत का, आणि मुखपृष्ठावर तुमचा फोटो असावा का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी याच प्रकारच्या पुस्तकांचं संपादन करते, म्हणून सविस्तर लिहिते. पैशाचा निर्णय तुम्ही काही महिन्यांनी घेतलात तरी काही बिघडणार नाही. आधी त्या नकारपत्रातलं वाक्य नीट वाचा, कारण तुमच्या पुस्तकाची खरी अडचण त्यात आहे. ती न सोडवता ८५ हजार भरलेत, तर तीच अडचण ५०० प्रतींमध्ये छापली जाईल.

इम्प्रिंट म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत असेलच, तरी आमच्या बाजूने ते कसं दिसतं ते सांगते. संस्था एकच असते, पण कादंबऱ्या एका नावाखाली निघतात, मुलांची पुस्तकं दुसऱ्या आणि आरोग्य, पैसा, शेती, व्यवसाय, पालकत्व अशी तिसऱ्या. प्रत्येकाचा संपादक वेगळा असतो आणि दुकानातलं कपाटही वेगळं. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात तासभर उभ्या राहा. कादंबरीचा वाचक लेखकाचं नाव घेऊन येतो. या कपाटाकडे येणारा माणूस काम घेऊन येतो. ‘मसाल्याच्या धंद्यावर काही आहे का?’ असं विचारतो. दुकानदार एखादं पुस्तक काढून देतो, माणूस अनुक्रमणिका बघतो, मधलं एखादं पान वाचतो आणि ठरवतो. त्या इम्प्रिंटचा संपादक तुमची पानं याच माणसाच्या नजरेने वाचतो. पुस्तक संपल्यावर वाचकाला काय करता येईल, हे त्याला एका वाक्यात सांगता यायला हवं. विक्रेत्यांशी बोलताना, सूचीत, मलपृष्ठावर तेच वाक्य लागतं.

आता तुम्ही दिलेली अनुक्रमणिका पाहू. पहिली १४० पानं बालपण, लग्न, दुष्काळातली वर्षं आणि पहिला मिक्सर. त्यानंतर मसाल्यांची प्रमाणं, यंत्रं, परवाने, सरकारी योजना, विक्री. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी थोरामोठ्यांचं एक वचन. घरातून मसाल्याचा धंदा सुरू करू पाहणाऱ्या बाईला कामाचं पहिलं पान १४१ वर सापडतं. आणि जिला तुमचं आयुष्य वाचायचं आहे, तिची वाट परवान्याच्या अर्जापाशी अडते. ही दोन पुस्तकं आहेत. दोन्ही चांगली होऊ शकतात, पण एकात कोंबल्यामुळे दोन्ही दबली आहेत.

कोणतं निवडावं? हे तुमच्यावर अवलंबून आहे आणि बाहेरून कोणी ठरवू नये. गावातल्या बायकांनी, तुमच्या मुलींनी तुमचा प्रवास वाचावा ही ओढ मोठी असेल, तर आत्मकथन लिहा आणि ते आत्मकथनं काढणाऱ्या प्रकाशकाकडे न्या. पण तुमच्या प्रश्नातच एक वाक्य आहे: ‘प्रशिक्षणात बायका तेच तेच विचारतात, म्हणून लिहायला बसले.’ तुमचं पुस्तक तिथून निघालं आहे असं मला वाटतं. पुढचं सगळं उत्तर मी मार्गदर्शक पुस्तक धरूनच देते.

मग आयुष्याचं काय करायचं? ते टाकायचं नाही, त्याची जागा बदलायची. आमच्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांमध्ये प्रेरणा बहुतेक वेळा सुरुवातीला आणि शेवटी असते आणि मध्ये कोरडी माहिती. वाचकाला धीर लागतो तो मात्र मधेच, काम अडतं तिथे. दुकानदाराकडे तीन महिन्यांची उधारी आहे आणि मागायला जीभ रेटत नाही. पापड पसरून ठेवलेत आणि आभाळ भरून आलंय. पहिला मोठा घाणा करपला आणि घरचे म्हणतायत, पुरे आता. तुमच्या १४० पानांत असे प्रसंग नक्की असतील. उधारीचा प्रसंग वसुलीच्या प्रकरणात घाला: तुम्ही काय बोललात, दुकानदार काय म्हणाला, पैसे किती आले, पुढच्या वेळी वहीत काय लिहून घ्यायला लागलात. अशी दोन पानं वाचून बाई दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन पैसे मागते. प्रेरक पुस्तकाने करायचं ते हेच. शेवटी दिलेली वचनं मात्र काढून टाका. मोबाइलवर फिरणारी अशी बरीच वाक्यं त्या माणसांनी कधी उच्चारलेली नसतात, आणि तुमच्या स्वतःच्या अनुभवापुढे ती फिकी पडतात.

मला सर्वात जास्त लिहावंसं वाटतं ते पुढच्या मुद्द्यावर, कारण उपयुक्त पुस्तक इथेच जिंकतं किंवा हरतं. लिहिलेलं वाचून काम होतं का? जाणकार माणूस लिहिताना पायऱ्या गाळतो. त्याच्या हाताला त्या इतक्या सवयीच्या असतात, की डोळ्यांना दिसतच नाहीत. शिवणकामाच्या एका हस्तलिखितात ‘कापड दुमडून घ्या’ असं लिहिलं होतं. आम्ही ते प्रकरण शिवणाचा गंध नसलेल्या एका मुलीला दिलं आणि शेजारी गप्प बसून राहिलो. तिने कापड आडव्या धाग्यावर दुमडलं, सुलटी बाजू वर ठेवली आणि कात्री चालवली. लेखिकेचं म्हणणं होतं, हे सगळ्यांना माहीत असतं. सगळ्यांना माहीत असतं तर पुस्तक घ्यायला कोण आलं असतं? त्या एका वाक्याची पुढे चार वाक्यं झाली, सोबत एक आकृती आली आणि ते पान वापरण्याजोगं झालं.

तुम्हीही असंच करा. मसाल्याचं प्रकरण अशा बाईला द्या, जिने घरापुरताच मसाला केला आहे, विक्रीसाठी कधीच नाही. तुम्ही बोलायचं नाही. ती जिथे मान वर करून तुमच्याकडे बघेल, तिथे पेन्सिलीने खूण करा. ‘मिरची चांगली वाळवा’ म्हणजे किती? देठ हाताने कटकन तुटेपर्यंत, की दोन उन्हं दाखवून? ब्याडगी रंगासाठी आणि संकेश्वरी तिखटासाठी हे तुम्हाला ठाऊक आहे, पण एक मिळाली नाही तर दुसरीचं प्रमाण काय धरायचं? कांदा कितपत वाळला म्हणजे मसाला टिकेल आणि ओलसर राहिला तर बुरशी किती दिवसांत दिसते? खोबरं भाजताना रंग कुठे थांबवायचा? या खुणा म्हणजेच तुमचं पुस्तक. बाकी माहिती आता इंटरनेटवर कुठेही मिळते.

मापांचाही विचार करा. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं आणि पिढ्यानपिढ्या घरांत राहिलं. त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे त्यातली मापं वाटी-चमच्याची, स्वयंपाकघरात हाताशी असणारी होती. तुमची वाचक मात्र घरापुरतं नाही, विकायला करणार आहे. तिच्या हाताशी वजनकाटा असेल किंवा असायला हवा. म्हणून तुमची मापं ग्रॅम-किलोतच द्या आणि पाच किलोच्या घाण्यासाठी द्या. पाव किलोचं प्रमाण वीसपटीने वाढवायला सांगू नका. मोठ्या घाण्यात भाजण्याचा वेळ आणि तेल त्याच पटीत वाढत नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

दर काढण्याचं तुमचं प्रकरण सहा पानांत उरकलं आहे. मला वाटतं, ते पुस्तकातलं सर्वात मोठं प्रकरण व्हायला हवं. देठ काढल्यावर, वाळवल्यावर, कांडपात किती घट येते, स्वतःची मजुरी धरायची की नाही, पाकीट, लेबल, दुकानदाराचं कमिशन, परत आलेला माल हे सगळं एकाच उदाहरणात, रुपयांत, शेवटपर्यंत सोडवून दाखवा. मराठीत पाककृतींची पुस्तकं भरपूर आहेत. एका गृहउद्योगाचा हिशेब उघडा करून दाखवणारी फार कमी आहेत. इम्प्रिंटच्या संपादकाला तुमची पानं थांबून वाचायला लावेल, ते हेच प्रकरण.

याउलट परवाने आणि योजनांची ४० पानं आटोपती घ्या. ही माहिती लवकर शिळी होते. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची पंतप्रधानांच्या नावाची योजना २०२० मध्ये आली. प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, असं कर्जाशी जोडलेलं अनुदान त्यात वैयक्तिक उद्योगांसाठी ठेवलं होतं. तुम्ही त्यावर पूर्ण प्रकरण लिहिलं आहे. पण योजनांना मुदत असते, नियम बदलतात, आणि तुमचं पुस्तक दुकानात पाच-सात वर्षं राहावं अशी आपली इच्छा आहे. बदलणारं सगळं शेवटच्या एका परिशिष्टात आणा, वर ‘अमुक महिन्यापर्यंतची माहिती’ असं लिहा, म्हणजे पुढच्या आवृत्तीत तेवढाच फॉर्म, म्हणजे एकत्र छापला जाणारा पानांचा गठ्ठा, बदलता येईल. मुख्य मजकुरात न बदलणारं ठेवा: अन्न परवान्यासाठी कागद कोणते जमवायचे, बँकेच्या साहेबांसमोर काय घेऊन बसायचं, नकार आला तर काय विचारायचं.

आता पैशाकडे येते. आकडे उदाहरणादाखल आहेत. कागदाचा भाव आणि प्रतींची संख्या बदलली की तेही बदलतात. समजा तुमचं पुस्तक नीट आवळून डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकारात १९२ पानांचं झालं, म्हणजे १६ पानांचे १२ फॉर्म. किंमत २५० रुपये. वितरक आणि विक्रेता मिळून ४० टक्के घेतात, म्हणजे १०० रुपये. लेखकाची रॉयल्टी १० टक्के धरली तर २५. हजार प्रतींच्या छपाईला प्रतीमागे साधारण ७० रुपये लागले, तर प्रकाशकाकडे ५५ उरतात. त्यात संपादन, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, आकृत्या, गोदाम, वाहतूक आणि पडून राहिलेल्या प्रती. म्हणून प्रकाशक नाही म्हणतो तेव्हा तो तुमच्या कष्टांना नाही म्हणत नसतो. या ५५ रुपयांच्या भरवशावर हजार प्रती छापायची हिंमत होत नाही, एवढंच तो सांगत असतो.

तुमचे ८५ हजार ५०० प्रतींसाठी आहेत, म्हणजे प्रतीला १७० रुपये. तुम्ही ती प्रशिक्षणात स्वतः २५० ला विकलीत तर ८० सुटतात आणि ३४० प्रती विकल्यावर घातलेले पैसे परत येतात. पण तीच प्रत दुकानामार्फत गेली तर तुमच्या हाती १५० पडतात, म्हणजे प्रत्येक प्रतीमागे २० रुपयांचा तोटा. तेव्हा पैसे भरून छापणं चूक की बरोबर, हा प्रश्न ‘विकणार कोण’ यावर येऊन थांबतो. वर्षभरात तुमच्या प्रशिक्षणांना किती बायका येतात, उमेद किंवा माविम या बचतगटांसाठीच्या सरकारी यंत्रणांच्या कार्यक्रमांत तुम्हाला बोलावतात का, महालक्ष्मी सरससारख्या बचतगटांच्या प्रदर्शनात तुमचा गाळा असतो का, हे मोजा. तीनचारशे प्रती स्वतःच्या हाताने जातील अशी खात्री असेल, तर स्वतः छापणं हा पूर्ण व्यवहारी मार्ग आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. तुम्हाला नांदेडच्या, अकोल्याच्या, बेळगावच्या अनोळखी वाचकापर्यंत पोचायचं असेल, तर ज्याचं वितरण तिथे आहे असा प्रकाशकच हवा.

स्वतः छापायचं ठरवलंत तरी त्या ८५ हजारांचा तपशील मागा. किती फॉर्म, कागद किती जीएसएमचा (म्हणजे किती जाड), बांधणी नुसती चिकटवलेली की शिवून, संपादन कोण करणार, प्रुफं किती वेळा, आकृत्या त्यात धरल्या आहेत का. स्वयंपाकघरात उघडं राहणारं पुस्तक शिवलेलंच असावं, चिकटवलेल्याची पानं सुटतात. आयएसबीएनसाठी वेगळी रक्कम लावली असेल तर विचारा, कारण भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था मोफत देते आणि लेखकाला स्वतःच्या नावानेही तो मागता येतो. ग्रंथप्रदान कायदा १९५४चा आहे. त्यानुसार प्रकाशन झाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि इतर तीन ठरलेली ग्रंथालयं यांना प्रती पाठवणं प्रकाशकाची जबाबदारी आहे. ती कोण पार पाडणार हेही लिहून घ्या. समारंभ पॅकेजमधून काढायला सांगा. तेवढ्या पैशात चांगला चित्रकार मिळतो, आणि तुमच्या पुस्तकाला हार-शालींपेक्षा रेखाटनांची गरज आहे.

आणखी एक गोष्ट लेखक विसरतात, ती म्हणजे फाइल. मराठीत अजूनही बऱ्याच ठिकाणी अक्षरजुळणी जुन्या, युनिकोड (मोबाइल-संगणकावर सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये होते. तुमचा युनिकोड मजकूर तिथे बदलून घेताना जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, म्हणून प्रुफं वाचताना आकडे आणि मापं आधी तपासा. ‘५० ग्रॅम’चं ‘५०० ग्रॅम’ झालं तर कोणाचा तरी आख्खा घाणा वाया जाईल. काम संपल्यावर अंतिम मजकुराची युनिकोड प्रत आणि छपाईची मूळ फाइल, दोन्ही मागून घ्या. पुढे ई-बुक काढायचं झालं तर याच लागतील.

कोणाशीही करार करताना स्वत्वाधिकार (कॉपीराइट) कायद्यातलं कलम १९ माहीत असू द्या. हक्क देणं लेखी असावं लागतं. कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात हे त्यात यावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. दिलेले हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरलेच नाहीत आणि करारात वेगळं काही म्हटलं नसेल, तर ते परत येतात. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं लिहिलेलं दिसलं तर सही करू नका. छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओ, हिंदी-कन्नड अनुवाद असे हक्क वेगवेगळे मांडून घ्या. तुमच्या बाबतीत मी आणखी एक कलम आवर्जून घालेन: प्रशिक्षणात विकण्यासाठी लेखिकेला प्रती विक्रेत्याच्याच सवलतीत मिळाव्यात. तुमची खरी कमाई रॉयल्टीपेक्षा या कलमातून होईल.

त्या इम्प्रिंटकडे पुन्हा जायचं का? जरूर जा. त्यांनी कारण लिहून पाठवलं, यावरून हस्तलिखित कोणीतरी वाचलं एवढं नक्की. बहुतेक नकारांत तेही नसतं. या वेळी ३०० पानं पाठवू नका. अर्ध्या पानात वाचक कोण आणि पुस्तक वाचून तिला काय करता येईल ते लिहा. नवी अनुक्रमणिका द्या आणि सोबत दोन पूर्ण प्रकरणं: एक दर काढण्याचं, एक कांदा-लसूण मसाल्याचं, आणि तेही दुसऱ्या बाईच्या हातून करून पाहिलेलं. वर्षाला साधारण किती बायकांना शिकवता आणि कुठे, हे दोन ओळींत. जुन्या पत्राचा उल्लेख करून, त्यांनी विचारलेल्या ‘कोणासाठी’चं उत्तर पहिल्याच वाक्यात द्या. उत्तर यायला तीन-चार महिने लागू शकतात. तोवर ८५ हजारांवाल्यांना थांबायला सांगा. ‘आज भरलेत तरच सवलत’ असं म्हणत असतील, तर तिथे भरूच नका.

राहिला मुखपृष्ठावरच्या फोटोचा प्रश्न. पुस्तक मुख्यतः तुमच्या प्रशिक्षणांत विकलं जाणार असेल, तर फोटो उपयोगी पडेल, कारण त्या बायका तुम्हाला ओळखतात. दुकानात विकायचं असेल तर पुढे काम दिसू द्या: मिरची, काटा, भरलेली पाकिटं. तुम्ही मागच्या बाजूला या, परिचयाच्या चार ओळींसोबत. फोटो स्टुडिओत काढू नका, तुमच्या कामाच्या जागेवर, दिवसाउजेडी काढा. आणि डिझायनरला कॅमेऱ्यातली मूळ फाइल द्या. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो मोबाइलवर छान दिसतो, पण छापल्यावर धूसर दिसतो.